वरून येणारी आच

(संस्थेच्या विद्यार्थी शिबिरात मार्कंडा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. धम्माच्या व्यासपीठावर शील, समाधी, प्रज्ञा यांवर बोलणे व्हावे. डोक्यावर टांगलेल्या हीटरपासून आणि दिव्यापासून कापड, गादी, तणस किती दूर ठेवावे, हा काय भाषणाचा विषय झाला? पण मित्रांनो, ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे वा ठाऊक असूनही कोणी पाहिली नाही म्हणून माणसे मेली आहेत, आणि त्यांत लहान मुले फार आहेत. जी गोष्ट मुलांच्या जिवाशी निगडित आहे ती धम्माबाहेरची आहे असे आम्ही मानत नाही.

आपल्यासमोरून वाहणारी ही वैनगंगा मार्कंड्याला येण्याआधी भंडाऱ्यावरून येते. त्या भंडारा शहराच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, लोक गाढ झोपेत असताना, आजारी नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. ७ बालकांना बाहेर काढता आले, १० गेली. त्यांतील तीन भाजल्याने व सात धुराने गुदमरून गेली, असे शासनाच्या वतीने तेव्हा सांगण्यात आले. जिल्हा रुग्णालयाच्या अशा कक्षात कोणाची बाळे असतात? ज्यांना खासगी दवाखान्याचा रोजचा खर्च झेपत नाही त्यांची. शेतमजुरांची, कष्टकऱ्यांची, तुमची-आमची.

पुढे चौकशी झाली. ठिणगी पडली ती बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रेडियंट वॉर्मरच्या, विद्युत भागात, असे जाहीर झाले. बिघाड यंत्राच्या आतला होता. कोणी दुपटे हीटरवर टाकले म्हणून ती आग लागली असा अर्थ कोणी काढू नये. तरीही आजच्या विषयासाठी आम्ही हेच उदाहरण का घेतो? कारण यंत्रातली ठिणगी एकटी असेल तर ती विझून जाते. तिच्या आसपास फोमची गादी, प्लास्टिकची नळी, कापसाचा गठ्ठा, पडदा असे काही असेल तरच तिची आग होते, आणि त्या जळणाऱ्या वस्तूंचाच धूर होतो. दहांपैकी सात बाळे ज्वाळेने गेली नाहीत, धुराने गेली, हा आकडा विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावा.

आता हा वॉर्मर म्हणजे काय ते पाहू. नवजात बाळाला, त्यातही दीड-पावणेदोन किलोच्या बाळाला, आपले अंग गरम ठेवता येत नाही. अंगावर चरबी नसते आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो. शरीराचे तापमान ३६.५ अंशांच्या खाली गेले की ते बाळ थंडावले असे जागतिक आरोग्य संघटना मानते. थंडावलेले बाळ दूध ओढत नाही, आणि दूध पोटात गेले नाही की आणखी थंडावते. म्हणून दवाखान्यात उघड्या पाळण्यावर साधारण पाऊण मीटर उंचीवर तापणारी कांडी बसवलेली असते. तिची आच खाली बाळावर पडते. बाळाच्या पोटावर एक लहानशी चकती चिकटवलेली असते. ती बाळाचे तापमान मोजते आणि त्यानुसार यंत्र आच कमी-जास्त करते. ही चकती निसटून बाजूला पडली तर यंत्राला वाटते बाळ थंड पडले, आणि ते कांडी पूर्ण जोराने तापवू लागते. केवढ्याशा गोष्टीवर किती अवलंबून असते पहा!

येथे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणाची एक अडचण येते. आपण सारी चुलीची माणसे. चुलीने आपल्याला शिकवले आहे की आच वर जाते. म्हणून घरातली म्हातारी चुलीच्या शेजारी निर्धास्त बसते, लाकडे बाजूला रचते, पण चुलीच्या नेमके वर सुकायला टाकलेले लुगडे पाहून सुनेवर ओरडते. तिचे बरोबर आहे. परंतु डोक्यावरच्या हीटरला हे ज्ञान लावले की घात होतो. आपल्याला वाटते, आच वर आहे ती वरच जाईल, खालच्या वस्तूला काय होणार?

उष्णता दोन वाटांनी येते. एक वाट हवेची. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, ती चुलीची वाट. दुसरी वाट सूर्याची. थंडीच्या दिवसांत सकाळी उन्हात पाठ करून बसा. हवा गार असते, कान गारठतात, पण पाठ तापते. मध्ये झाडाची सावली आली की ऊब एकदम तुटते. ही उष्णता हवेला न विचारता सरळ रेषेत येते. वर, खाली, आडवी, जिकडे तोंड असेल तिकडे. हीटरची लाल कांडी, हॅलोजनचा दिवा, मोठा पिवळा बल्ब ही सारी लहान सूर्याची भावंडे आहेत. मागे चकाकणारा पत्रा बसवला की बहुतेक आच खाली येते. आणि हवेची वाटही बंद होत नाही. त्याच साधनाने तापलेली हवा वर जाऊन छताशी साचते. म्हणजे वरच्या हीटरला खालची वस्तूही धोक्याची आणि वरचे कापडी छतही धोक्याचे. चुलीला एक बाजू सांभाळावी लागते, याला दोन्ही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिवा लहान असेल तर अंतर अर्धे केल्यावर आच दुप्पट होत नाही, चौपट होते. तीन फुटांवर जे कापड नुसते कोमट लागते, ते दीड फुटावर चौपट आच घेते आणि पाऊण फुटावर सोळापट. लांब कांडीच्या हीटरला हे गणित इतके काटेकोर लागू पडत नाही, पण दिशा तीच. म्हणून “थोडेसेच जवळ आले” हे म्हणणे फसवे आहे.

दवाखान्यातल्या वॉर्मरजवळ काय काय येते? बाळाचे दुपटे गरम व्हावे म्हणून ते वरच्या टोपावर टाकण्याचा मोह होतो. आई-आजीला त्यात माया दिसते, आणि तीही खरीच असते. तेलाने माखलेला कापूस येतो. हात स्वच्छ करण्याचे स्पिरिटयुक्त औषध येते, ज्याची वाफ साध्या खोलीच्या उष्णतेलाही पेट घेऊ शकते. आणि प्राणवायू असतो. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के. नळी निसटून तो अंथरुणात साचला तर जे कापड एरवी धुमसत राहिले असते ते भडकून जळते. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळण्यात त्याच्यासारखा मदतनीस नाही. म्हणून वॉर्मरच्या टोपावर काहीही ठेवू नये. कापूस, स्पिरिट, कागदपत्रे पाळण्याच्या कडेला नव्हे तर दूर मेजावर ठेवावीत. आणि नळीची गरज संपली की कळ लगेच बंद करावी. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत, म्हणून हे सविस्तर सांगितले.

त्या मुलींच्या वतीने एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. भंडाऱ्याच्या घटनेनंतर अधिकाऱ्यांचे निलंबन झाले, परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. न्यायाचे काम न्यायालयाचे, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण रात्रपाळीत एका परिचारिकेच्या वाट्याला किती बाळे असावीत, धुराची सूचना देणारी घंटा आहे की नाही, यंत्राची तपासणी कधी झाली, हे प्रश्न परिचारिकेच्या हातातले नसतात. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. त्यानुसार ज्या इमारतींना तो लागू आहे तेथील अग्निशमन व्यवस्था ठीक असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, घ्यावा लागतो. भंडाऱ्यानंतर सर्व रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. तरीही त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण गेले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उत्तर प्रदेशातील झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात कक्ष पेटला. त्या रात्रीच १० बाळे गेली. आदेशाच्या कागदाने दुपटे वॉर्मरवरून खाली उतरत नाही. ते तेथे उभ्या असलेल्या माणसाला उतरवावे लागते. पण त्या माणसाला तेवढी फुरसत मिळेल अशी व्यवस्था करणे ही शासनाची जबाबदारी आहे, आणि ती मागताना आपण संकोच करू नये.

आता दवाखान्यातून आपल्या घरी येऊ.

बाळंतिणीला शेक देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. घरात वीज आल्यापासून काही घरांत नवी रीत आली: बाळ लहानखुरे असेल तर बाजेवर शंभर किंवा दोनशे वॉटचा बल्ब टांगायचा. दवाखान्यातला वॉर्मर पाहून घरी केलेली ही नक्कल. तिला चकती नाही, आच कमी करण्याची सोय नाही, आणि दिवा वायरलाच लोंबकळत असतो. आता आपल्या गडचिरोलीतले दुसरे वास्तव त्याच्या शेजारी ठेवा. हिवतापाचा जिल्हा म्हणून आपल्याकडे घरोघरी मच्छरदाणी आहे, आणि ती असलीच पाहिजे. बाळाच्या बाजेवर तर आधी मच्छरदाणी. मग बल्ब कुठे येतो? मच्छरदाणीच्या छतापासून वीतभर अंतरावर, किंवा सरळ तिच्या आत! औषध लावलेल्या अनेक मच्छरदाण्यांची जाळी पॉलिथिलीनच्या धाग्याची असते. हा धागा ११० ते १३० अंशांच्या दरम्यान वितळतो. शंभर वॉटच्या बल्बची काच याहून जास्त तापू शकते. वाऱ्याने जाळी हलली, काचेला टेकली, की ती वितळून गळते, आणि पेटली तर पेटते थेंब खाली पडतात. खाली कोण झोपले आहे ते सांगायला नको.

म्हणून उपासिकांना आमची कळकळीची विनंती: मच्छरदाणी काढू नका, बल्ब काढा. बाळाला ऊब पाहिजे तर तिचा उत्तम मार्ग आईजवळ आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात ऊबपेट्या अपुऱ्या पडत होत्या. त्यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. बाळे जगली. आज जगभर ही पद्धत मान्य आहे. आपल्या दवाखान्यांत तिला कांगारू पद्धत म्हणतात. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा प्रयोग केला. गावातलीच थोडी शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. बाळ कोरडे करणे, गुंडाळणे, ऊबदार पिशवीत ठेवणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखणे हे तिला शिकवले गेले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. त्या पिशवीत तापलेली तार नव्हती. बाळ फारच लहान किंवा मलूल असेल तर मात्र घरी प्रयोग न करता दवाखाना गाठावा; तेथला वॉर्मर शत्रू नव्हे, त्याने असंख्य बाळे वाचवली आहेत.

दुसरे घरगुती उदाहरण कोंबडीच्या पिल्लांचे. बचत गटांतून, योजनांतून आपल्या गावांत पिल्ले वाटली जातात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. त्यासाठी वर बल्ब किंवा अडीचशे वॉटचा तांबडा दिवा टांगतात. खाली काय असते? धानाचे तूस, त्यावर पहिले काही दिवस वर्तमानपत्र, भोवती पुठ्ठ्याचे कडे, बाजूला तणसाचा ढीग आणि वर पऱ्हाटीचे कुड. आग लावायची ठरवली असती तरी याहून चांगली मांडणी जमली नसती! अशा दिव्याला दीड फुटाच्या खाली येऊ देऊ नये. तो वायरवर न टांगता साखळीवर टांगावा आणि दुसरी एक स्वतंत्र तार बांधावी, म्हणजे एक बांधणी सुटली तरी दिवा तुसात पडणार नाही. दिव्याला जाळीची टोपी असावी. पाण्याचे भांडे त्याच्या खाली ठेवू नये, कारण पिल्लांच्या फडफडीत उडालेला थेंब तापल्या काचेला तडा देतो. दिवा फार खाली आला आहे का हे पिल्लेच सांगतात: गारठली तर दिव्याखाली गोळा होतात, फार तापले तर कडेला पळून चोची उघडून बसतात. पिल्लांना पळता येते म्हणून ती वाचतात. तुसाला पळता येत नाही.

तिसरी जागा म्हणजे मंडप, आणि येथे मार्कंड्याचा संबंध थेट येतो. महाशिवरात्रीच्या यात्रेत नदीकाठी कापडाची, ताडपत्रीची दुकाने दाटीवाटीने लागतात. चहाचे, कापडाचे, खेळण्यांचे दुकान लावणारे आपलेही भाऊबंद असतात. येथल्या मुख्य देवळावर पूर्वी वीज कोसळून शिखराची पडझड झाल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. दगडाचे शिल्पही वरून आलेल्या आगीपुढे टिकले नाही. आपली दुकाने तर कापडाची. पूर्वी दुकानाच्या आडव्या बांबूला गॅसबत्ती टांगत. तिच्या डोक्यातून निघणारी आच वरचे कापड करपवी, म्हणून जाणता दुकानदार वर पत्र्याचा तुकडा बांधत असे. गॅसबत्ती गेली, हॅलोजन आले, पत्र्याचा तुकडा मात्र परत आला नाही. हॅलोजनच्या दिव्याची नळी कित्येक शे अंशांपर्यंत तापते. काचेचा पृष्ठभाग अडीचशे अंशांहून अधिक तापल्याशिवाय तो दिवा नीट चालतच नाही. आता बऱ्याच ठिकाणी एलईडी दिवे आले आहेत, त्यांची आच पुष्कळ कमी. ज्यांना परवडते त्यांनी तेच घ्यावेत. पण बिछायत केंद्रवाल्याच्या गोदामात जुने हॅलोजन अजून पडून असतात, आणि लग्नात दिवे कमी पडले की तेच बाहेर निघतात.

पडद्याजवळचा दिवा काय करतो याचे दाखले जगभर आहेत. अमेरिकेत शिकागो शहरातील इरोक्वा नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी रंगमंचावरील एका प्रखर दिव्याने मलमलीचा पडदा पेटला. सहाशेहून अधिक प्रेक्षक मेले, त्यांत बायका-मुलेच जास्त. इंग्लंडच्या राणीचा विंडसरचा किल्ला २० नोव्हेंबर १९९२ रोजी जळाला, तोही पडद्याला टेकलेल्या दिव्याने. एवढे नोकरचाकर, एवढा पहारा, पण दिवा आणि पडदा यांच्यातले अंतर पाहणारे कोणी नव्हते. आपल्या देशात हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या बक्षीस समारंभात विजेच्या बिघाडाने मंडप पेटला. कृत्रिम धाग्याचे छत वितळून मुलांच्या अंगावर पडले आणि चारशेहून अधिक जीव गेले. मुले टाळ्या वाजवायला आली होती.

मंडपांसाठी भारतीय मानक क्रमांक ८७५८ अस्तित्वात आहे. कृत्रिम धाग्याचे कापड व दोर टाळावेत, छत पुरेसे उंच असावे, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या असाव्यात, अशा सूचना त्याच्या धोरणात आहेत. बिछायतवाल्याला पैसे देताना हे विचारणारे आपल्यात किती? आपण विचारतो खुर्च्या किती, पंखे किती. आपल्या जयंतीच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंडपातही हीच गत असते. निळ्या-पांढऱ्या झालरी, कागदी पताका, पंचशील ध्वज आणि त्यांच्या मधोमध बुद्धमूर्तीवर प्रकाश पाडणारा एक मोठा दिवा. त्या दिव्याची जागा कोण ठरवतो? जो मुलगा शिडीवर चढतो तो.

मग अंतर किती ठेवावे? साधनाबरोबर छापील सूचना मिळाली असेल तर तीच प्रमाण मानावी. त्यात अंतर लिहिलेले असते. सूचना हरवली असेल, बहुधा हरवलेलीच असते, तर निदान तीन फूट. आपल्या मापात सांगायचे तर दोन हात. आपण भाषेत धोक्यापासून चार हात दूर राहतो. हीटरच्या तोंडासमोर तेच चार हात असावेत, बाजूंना दोन पुरे. वर छत कापडाचे किंवा गवताचे असेल तर तेथे हीटर लावूच नये. हे अंतर डोळ्याने नव्हे, दोरीने मोजावे. आणि दिवा लावल्यावर अर्ध्या तासाने जवळच्या कापडापाशी उलटा हात धरून पाहावा. हात मागे घ्यावासा वाटला तर ते कापडही तेथे नको.

मोजलेले अंतर टिकत मात्र नाही, हीच खरी अडचण. सकाळी मोजून लावलेल्या हीटरखाली दुपारी कोणी सतरंज्यांची चळत रचतो. पताकेची दोरी सैल होते. वाऱ्याने झालर सरकते. लाकडी वासा रोज थोडा थोडा तापून आतून काळवंडत जातो आणि मग एके दिवशी लवकर पेट घेतो. लाईन जाते, हीटर विझतो, त्याखाली कोणी ओले कपडे वाळत टाकतो आणि झोपी जातो. रात्री दोनला लाईन येते. म्हणून लाईन गेली की बटण बंद करणे ही सवय लहान मुलांनाही लावावी. आणि कार्यक्रमात एका माणसाकडे हेच एक काम असावे. सर्वांकडे दिलेले काम कोणाचेच नसते.

काही पेटलेच तर आधी मुख्य बटण बंद करावे, मग दुसरे काही. वीज चालू असताना पाणी ओतू नये. बाळ, म्हातारे यांना आधी उचलावे, सामानाकडे पाहू नये. धूर वर साचतो, म्हणून वाकून, जमिनीलगत बाहेर पडावे आणि निघताना खोलीचे दार ओढून घ्यावे.

धम्माचा संबंध काय, असे ज्यांना अजून वाटत असेल त्यांच्यासाठी विनयपिटकातील एक प्रसंग. हिवाळ्यात काही भिक्खू एका मोठ्या पोकळ ओंडक्याला आग लावून शेकत बसले होते. आत साप होता. तापल्याबरोबर तो बाहेर आला आणि भिक्खूंच्या अंगावर धावला, सारे पांगले. त्यावरून तथागतांनी नियम घातला की जो आजारी नाही अशा भिक्खूने केवळ शेकण्यासाठी आग पेटवू नये. पण आजाऱ्याला सूट ठेवली. पुढे जन्ताघर म्हणजे उष्ण स्नानगृहाची परवानगी दिली तेव्हा खोली लहान असेल तर अग्निस्थान एका बाजूला असावे आणि मोठी असेल तर मध्यभागी, इतका बारकावा सांगितला. चेहरे भाजू लागले तेव्हा तोंडाला माती लावण्यास अनुमती दिली. गयाशीर्षावर अग्निपूजक जटिलांना लोभ-द्वेष-मोहाच्या आगीचा उपदेश करणाऱ्या शास्त्याला खऱ्या चुलीची जागा ठरवणे कमीपणाचे वाटले नाही. मध्यम मार्गाची उपमा येथे देण्याचा मोह आम्हालाही होतो, पण आजची आग उपमेची नाही, म्हणून तो आवरतो.

आणि यावरून कोणी विजेची भीती घेऊ नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक वीज आल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. शेजारच्या चंद्रपूरला कोळसा जळतो आणि तेथली वीज दूरवर जाते. तिचा वाटा आपल्या बाळांच्या वॉर्मरपर्यंत, आपल्या अभ्यासिकेच्या दिव्यापर्यंत आला पाहिजे. तो मागायचा आणि नीट वापरायचाही.

अध्यक्ष महोदयांची परवानगी घेऊन एक काम सुचवतो. या सभागृहात मूर्तीच्या वर जो दिवा आहे त्याच्या आणि मागच्या पडद्याच्या मधले अंतर भोजनापूर्वी विद्यार्थ्यांनी दोरीने मोजावे. शिडी बाहेर व्हरांड्यात आहे. चढण्याआधी बटण बंद करा, दिवा निवू द्या, आणि शिडी धरायला दोघे उभे राहा. मोजलेला आकडा संस्थेच्या वहीत आजच्या तारखेसह लिहावा, आणि यात्रेत दुकान लावणाऱ्यांनी तीच दोरी घरी न्यावी. तिला तीन फुटांवर गाठ मारलेली आहे.